थांबलेला पाय

कोल्हापुरात माणसाचं खरं नाव आधार कार्डावर असतं, आणि पेठेत त्या नावाला कुत्रं विचारत नाही. रणधीर साळोखेला सगळी पेठ 'भिताड' म्हणायची. भिताड म्हणजे भिंत, आणि गडी होताच तसा. अंगानं आडवा, बोलायला तोकडा, गोलसमोर उभा राहिला की पलीकडचं काही दिसू नये. उंबराच्या तालमीचा हा स्टॉपर विशीच्या आत मोठ्या लीगमध्ये गेला आणि पंधरा वर्षं पगारी फुटबॉल खेळला. शेवटची पाच वर्षं तो पुण्याच्या क्लबात होता.

डिफेंडरची जातच कमनशिबी. गोल मारणाऱ्याची मिरवणूक निघते, त्याच्यावर गुलाल पडतो, त्याच्या नावाची मिसळ निघते. अडवणाऱ्याचं नाव कधी निघतं? गोल झाल्यावर. 'साळोखे कुठं मेला हुता?' एवढ्यापुरतंच. पण भिताडाची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. पंधरा वर्षांत त्याच्याबद्दल वाईट कुणी छापलं नाही आणि चांगलंही फारसं छापलं नाही, आणि दोन्हींत त्याला समाधान होतं. त्याला एकच पाहिजे होतं. खेळ संपला की पेठेत परत यायचं, तालमीच्या पोरांना शिकवायचं, आणि तालमीत शिकवणाऱ्या दौलू वस्तादांच्या गळ्यातली शिट्टी आपल्या गळ्यात पडायची. तालमीच्या पंचांनी तसं ठरवूनही टाकलं होतं. 'एवढा हंगाम संपव आणि ये', म्हणाले होते.

उंबराची तालीम मुळात कुस्तीची. आखाडा अजून आहे, मारुती आहे, दारात उंबर आहे, पण पोरं आता मागच्या मैदानावर असतात. मैदान म्हणायचं आपलं, खरं तर मुरमाड माळ. पडला की कातडं सोलून निघतं. तिथं दौलू वस्तादांनी चाळीस वर्षं एक नियम चालवला. सामना दुसऱ्या तालमीशी असेल तर जीव तोडून खेळा, पण आपसात खेळताना तालमीच्या गड्याच्या पायावर घसरून जायचं नाही. मागून तर मुळीच नाही. गेला तर पोटरीवर छडी, आणि समोरच्याचा पाय मोडला तर बूट काढून उंबराला टांगायचे आणि तालमीची पायरी उतरायची. वस्ताद म्हणायचे, "बॉल परत येतोय, गुडघा परत येत न्हाई." भिताडानं सातव्या वर्षापासून ही छडी खाल्ली. पहिल्या दोन-तीन वर्षांत मोप खाल्ली, पुढं लागलीच नाही, कारण पाय आपोआप थांबायला शिकला. कधी शिकला ते त्यालाही कळलं नाही. आपण चालायला कधी शिकलो हे तरी कुणाला आठवतंय?

त्याच्याच बरोबरीचा, त्याच माळावर गुडघे फोडून घेतलेला धैर्यशील आयरे. फॉरवर्ड. किडकिडीत आणि वेगवान, म्हणून 'पाखऱ्या'. दोघं एका ताटात जेवलेले. पाखऱ्या तिकडं कोलकात्याच्या बाजूला दुसऱ्या लीगमध्ये खेळायचा, त्यामुळं तालमीबाहेर ह्या दोघांची समोरासमोर गाठ कधी पडलीच नाही. त्या हंगामात तो गोव्याच्या क्लबात आला आणि ती गाठ थेट अंतिम सामन्यात पडली.

आता पट्ट्याचं सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण त्या पट्ट्यानं घडवलं.

माणूस पाय उचलतो त्याच्या आधीच पाय उचलण्याचा हुकूम मेंदूतून सुटलेला असतो. तो हुकूम विजेच्या बारीक लहरींनी स्नायूत उतरतो, स्नायू ताठरतो, आणि मग पाय हलतो. मधला अवधी पापणी लवण्याहूनही थोडा. पुण्याच्या डॉक्टर शाल्मली केळुसकर यांनी ह्या लहरी टिपणारा एक पट्टा बनवला. नडगी झाकणाऱ्या शिनगार्डच्या आतून, पोटरीला बांधायचा. त्यांचा हेतू भला होता. स्नायू फाटायच्या आधी लहरी बिघडतात, त्या दिसल्या तर खेळाडूला वेळेत बाहेर काढता येईल. पण प्रयोग करताना त्यांना दुसरंच सापडलं. कसलेल्या डिफेंडरचा पाय समोरच्याच्या बुटातून चेंडू सुटण्याआधीच सज्ज होतो. पुढं काय होणार हे पायाला आधी कळतं, आणि प्रत्येक खेळाडूची ही चाहूल त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी वेगळी असते. एखाद्याचे दहा-पंधरा सामने पट्ट्यानं बघितले की त्याचा पाय केव्हा निघायला पाहिजे हे पट्टा सांगू लागतो. आणि पाय निघाला होता पण मध्येच थांबवला गेला, तर तेही.

ही शेवटची गोष्ट लीगवाल्यांच्या कानावर गेली आणि त्यांना घबाड सापडलं. सट्टेबाजीनं लीगची अब्रू गेलेली, सामने विकले जातात ही बोंब गल्लोगल्ली. त्यांनी 'सचोटी समिती' नेमली आणि पट्टा सगळ्यांना सक्तीचा केला, वर त्याला दिवा बसवला. खेळाडू जीव लावून भिडला की हिरवा, पाय मुद्दाम आवरला की लाल. लोकांना तर खेळापेक्षा दिवाच आवडू लागला. कुणी भिडला आणि हिरवा पेटला की सगळं स्टेडियम टाळ्या वाजवायचं. केळुसकरबाईंनी परोपरीनं सांगितलं, की पाय थांबला एवढंच माझं यंत्र सांगतं, का थांबला ते सांगत नाही. पण लोकांना 'का' नको असतो. त्यांना दिवा बास होतो.

अंतिम सामना शून्य-शून्यवर रेंगाळला होता. शेवटाकडं पाखऱ्या उजवीकडून आत घुसला, एकाला चकवलं, आणि भिताडाच्या अंगावरून निसटला. भिताड वळला. चेंडू पाखऱ्याच्या पुढं हातभर होता, आणि मागून घसरत गेलं तर पोचणारच, असा तो नेमका क्षण होता. भिताडाच्या पायानं असे शेकडो क्षण खाल्ले होते. तो घसरला नाही. पाखऱ्यानं गोल मारला.

भिताडाला वाटलं, आपल्याला उशीर झाला. वय झालं म्हणायचं. पाखऱ्याचीच जीत झाली ह्याचं दुःखात थोडं सुखही वाटलं त्याला. मग त्यानं बघितलं की लोक गोल बघत नव्हते, त्याच्या पायाकडं बघत होते. मोठ्या पडद्यावर त्याची पोटरी दिसत होती आणि तिच्यावर लाल दिवा पेटलेला होता.

समितीचे मुख्य मोहिले साहेब अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी भिताडाला चहा दिला आणि आलेख दाखवला. भिताड म्हणाला, माझा पाय पोचला नसता. मोहिले साहेब म्हणाले, पोचला असता. तुम्हाला उशीर झालाच नव्हता, तुम्ही नेहमीसारखे वेळेच्या आधीच होतात, हुकूम सुटला होता, तो तुम्ही मागे घेतलात. मग आवाज न चढवता विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? भिताडाला उत्तर देता आलं नाही. जे आपण केलं हेच माहीत नाही ते का केलं हे माणूस काय सांगणार? त्याचं गप्प राहणं कागदावर 'समाधानकारक खुलासा नाही' असं उतरलं. आजन्म बंदी झाली. खेळायची, शिकवायची, कुठल्याही मैदानाशी संबंध ठेवायची. अपिलाला सहा महिने दिले.

तो पेठेत आला. कोल्हापूर प्रेम करतं तेव्हा खांद्यावर घेतं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. खांद्यावरून खाली कसं टाकतं ते भिताडानं बघितलं. कुणी शिवी दिली नाही. कट्ट्यावर गेला की लोक घड्याळ बघून उठायचे. तालमीच्या भिंतीवरचा त्याचा फोटो रंगकामासाठी म्हणून उतरवला तो परत लागलाच नाही. पंचांनी निरोप धाडला, शिट्टीचं जरा दमानं घेऊ. गल्लीत खेळणारी चिल्लीपिल्ली तो दिसला की 'लाल, लाल' करून पळायची.

आणि पाखऱ्या? पाखऱ्याचा फोन आला नाही. टीव्हीवर त्याला कुणीतरी खोचून विचारलं, की तुमच्या गोलला लोक 'लाल गोल' म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? पाखऱ्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "गोल मी मारलाय. पुढं पाय का आला न्हाई ते भिताडाला विचारा." भिताडानं ते एकदा बघितलं आणि मग पुन्हा पुन्हा बघितलं. एका ताटात जेवलेला माणूस. 'भिताड तसला न्हाई', तीन शब्द बोलायला काय जीभ झडणार होती त्याची? त्या दिवसापासून भिताडाच्या छातीत काहीतरी पेटलं, ते विझलं नाही.

त्याची बायको तेजस्विनी शाळेत शिकवायची. सुरुवातीला ती सगळ्यांशी भांडली. शाळेतल्या बायकांशी, भावकीशी, दूधवाल्याशीसुद्धा. नवऱ्याच्या नावाला कुणी बोट लावलं की फणा काढायची. मग हळूहळू भांडणं कमी झाली. एका रविवारी दुपारी तिनं त्याला वाढलं, समोर बसली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "खरं सांगा. पैसे कुठं ठेवलेत? मी काही बोलणार नाही."

भिताडानं घास खाली ठेवला. तिच्याकडं बघितलं तर तिच्या डोळ्यांत राग नव्हता, माफी होती. राग परवडला असता. तो उठून गेला, आणि त्या दिवसापासून त्यानं पट्ट्याचं, समितीचं, अपिलाचं अवाक्षर तिच्याशी काढलं नाही. तिनंही विचारलं नाही.

अपिलाची मुदत संपत आली तेव्हा केळुसकरबाई स्वतः कोल्हापूरला आल्या. आपल्या यंत्रानं एका माणसाला संपवलं आणि तो माणूस खोटं बोलतोय असं वाटत नाही, ही टोचणी त्यांना होती. त्यांनी भिताडाचं घर बघितलं, मग म्हणाल्या, तुम्ही खेळ शिकलात ती जागा दाखवा. बंदीमुळं भिताड मैदानाच्या आत जाऊ शकत नव्हता. बाहेर भिंतीशी उभा राहिला.

आत पोरांचा आपसातला सामना चालला होता. एक नवखं पोर मागून घसरत दुसऱ्याच्या पायावर गेलं. वस्ताद ह्या वयातही तरातरा गेले आणि सटकन त्याच्या पोटरीवर छडी ओढली. बाईंनी विचारलं, का मारलंत? वस्तादांनी नियम सांगितला, आणि गुडघा परत येत नाही हेही सांगितलं.

बाई तशाच मागं वळल्या. मग भिंतीपाशी येऊन भिताडाला विचारलं, "आयरे ह्याच तालमीतले ना?"

मग त्यांनी तिथंच वस्तादांना आणि भिताडाला समजावलं. सुटलेला हुकूम दोन तऱ्हांनी परत घेता येतो. एक, ठरवून. त्यात मेंदूच्या पुढच्या भागाला आधी विचार करावा लागतो, म्हणून 'थांब' हा निरोप पायाला जरा उशिरा पोचतो. दुसरा, मुरलेल्या सवयीनं. तापलेल्या तव्याकडं गेलेला हात आपण विचार करून मागे घेत नाही. तसा निरोप फार लवकर पोचतो, माणसाला पत्ताही लागत नाही. सामन्यातला पट्टा फक्त लाल-हिरवं सांगतो, हा बारीक फरक तो टिपत नाही. प्रयोगशाळेतला पट्टा टिपतो. पाखऱ्या पुन्हा तसाच धावून आला आणि भिताडाचा पाय पुन्हा तसाच, सवयीच्या वेगानं थांबला, तर सिद्ध होईल की पैशाचा संबंध नाही. पाय छडीनं थांबला.

वस्ताद खाली मान घालून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे माझ्या छडीनं पोराचं वाटोळं झालं म्हणा की."

"नाही वस्ताद," बाई म्हणाल्या. "तुमची छडीच त्यांना वाचवेल."

भिताडाला सहा महिन्यांत पहिल्यांदा छातीभर श्वास घेता आला. आपण चोर नाही हे त्याला माहीत होतं, पण आपण कोण आहोत हे त्या दिवशी कळलं. त्याला रडू आलं, आणि भिंतीकडं तोंड करून तो रडला.

मोहिले साहेब तयार झाले. अट एकच घातली. चाचणी एकदाच, खऱ्या वेगानं, आणि जो निकाल येईल तो शेवटचा. बाईंनी भिताडाला बजावलं, की थांबायचं असं ठरवून थांबलात तर यंत्राला कळेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. काही ठरवू नका. नुसतं खेळा. पाय त्याचं तो बघेल. भिताड म्हणाला, बाई, पाय माझाच आहे. मला त्याच्यावर विश्वास आहे.

पाखऱ्याला बोलवायला वस्तादांनी फोन केला. वस्तादांना नाही म्हणणारा तालमीत जन्मायचा होता. तो आला.

रविवारी सकाळी त्याच माळावर, तेवढ्यापुरती बंदी उठवून, चाचणी ठेवली. मोहिले साहेब आणि समितीतला आणखी एक साहेब, केळुसकरबाई, नियम म्हणून एक रुग्णवाहिका, आणि नको म्हटलं तरी मैदानाच्या भिंतीवर चढून बसलेली अर्धी पेठ. भिताडाच्या पोटरीला नवा पट्टा बांधला. त्यालाही दिवा होता. पाखऱ्या समोर उभा होता, त्याच्या कानशिलावरचे केस पिकले होते. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

पहिल्या खेपेला पाखऱ्या असा आला की जणू देवळाला प्रदक्षिणा घालतोय. मोहिले साहेबांनी हात वर केला. ही धरता येणार नाही, पूर्ण वेगानं यावं लागेल, म्हणाले.

पाखऱ्या परत जाताना भिताडापाशी थांबला, खाली वाकला, लेस बांधू लागला. वर न बघता म्हणाला, "आज असंच ठरणार न्हवं, की तू थांबलास म्हणून गोल झाला?"

भिताड पोटरीवरचा पट्टा चाचपत राहिला.

"म्हंजे चोरीचा नसला तर भिकेचा. माझा कुठनंच न्हाई. आयुष्यात एक मोठा गोल मारला, भिताडा, आणि त्यो पण माझा न्हाई." तो उठला. "ये ह्या बारीला. बघू तरी दे मला."

भिताडाच्या डोक्यात एकदम जाळ झाला. सहा महिने लोक माझ्या तोंडावर उठून गेले. माझी बायको मला माफ करून बसली. आणि ह्याला गोलचं पडलंय? टीव्हीवर तीन शब्द बोलला नाहीस, लेका, आणि आता माझ्यापुढं तुझ्या गोलचं रडगाणं? त्यानं मान झटकली. बाईंचे शब्द आठवले. काही ठरवू नका. त्यानं काही ठरवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. तो नुसता उभा राहिला.

पाखऱ्या ह्या वेळी खरा आला. तोच कोन, उजवीकडून आत, खांदा पाडला, निसटला. चेंडू हातभर पुढं. भिताड वळला, आणि पायातला हुकूम सुटला. जिथं दौलू वस्तादांची छडी असायची तिथं काहीच नव्हतं. पाय गेला. मुरमावरून खडखडत, मागून, सरळ.

पट्ट्यावरचा दिवा पेटला. हिरवा.

भिंतीवरच्या लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. टीव्हीवर हिरवा बघून वाजवायचे तशा, कडकडून. मग पाखऱ्याचं ओरडणं ऐकू आलं आणि टाळ्या एकेक करून थांबल्या. त्याचा गुडघा गुडघ्याच्या जागी नव्हता.

भिताड रांगत त्याच्याजवळ गेला. त्याचा हात धरला. स्ट्रेचर आलं. पाखऱ्याच्या तोंडावर घाम फुटला होता, ओठ पांढरे पडले होते, पण डोळे भिताडावर होते. म्हणाला, "तुझा पाय कसा येतो ते आज कळलं. त्या दिवशी थांबला हुतास तू. खरंच थांबला हुतास." मग त्यानं आपला हात सोडवून घेतला. भिताड रुग्णवाहिकेत चढायला गेला तर आतून त्याचा आवाज आला, त्याला नको. गाडी गेली.

केळुसकरबाई हातातल्या पडद्याकडं बघत होत्या. मोहिले साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "थांबण्याचा निरोप गेलाच नाही. ना सवयीचा, ना ठरवलेला."

"मग अशी सवय आहे, असं म्हणता येत नाही," मोहिले साहेब म्हणाले. ते खरोखर खिन्न दिसत होते.

बाई तावातावानं बोलू लागल्या. सवय म्हणजे काही हाड नव्हे. ती मायेनं मुरते आणि माया आटली की झिजते. सहा महिने तुम्ही ह्या माणसाला चोर म्हणालात, त्याच्या माणसांनी म्हणू दिलं, आणि आता त्याच्या अंगात काय उरलंय हे बघून तेव्हा काय होतं ते ठरवता? आज मोजलेला पाय तो पायच नाही. मोहिले साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि शेवटी हलकेच म्हणाले, "डॉक्टर, यंत्र तुमचंच आहे." दुसऱ्या साहेबानं बंदी कायम केल्याच्या कागदावर सही केली.

वस्ताद काठावरून चालत आले. हातात छडी होती. भिताड अजून मुरमावर बसलेला, त्यानं त्यांना येताना बघितलं आणि लहानपणी पुढं करायचा तशी पोटरी पुढं केली. मारा म्हणाला. वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं.

"छडी तालमीच्या पोरांसाठी हाय, रणधीर," ते म्हणाले.

उभ्या जन्मात वस्तादांनी त्याला 'रणधीर' म्हटलं नव्हतं.

भिताड उठला. दारातल्या उंबरापाशी गेला, बूट काढले, दोन्हींच्या लेसची गाठ मारली आणि फांदीला टांगले. कुणी त्याला टांगायला सांगितलं नव्हतं. मग तालमीची पायरी उतरून अनवाणी घराकडं निघाला. रस्त्यात माणसं होती. कुणी घड्याळ बघितलं नाही, कुणी 'लाल' म्हटलं नाही. टाळ्या त्यांच्या कानांपर्यंत आल्या होत्या, पुढचं अजून यायचं होतं.

तेजस्विनी दारातच उभी होती. तिनं त्याचा मुरमानं भरलेला चेहरा बघितला, खरचटलेली मांडी बघितली, अनवाणी पाय बघितले. मग तिची नजर पोटरीवर गेली. पट्टा काढायचा राहूनच गेला होता, दिवा अजून पेटलेलाच होता.

"हिरवा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडभर हसू आलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात यायचं तसं. तिनं पुढं होऊन त्याचे दोन्ही हात धरले.

"बघा, मी म्हणतच होते," ती म्हणाली. "माझा माणूस तसला नाहीच."